ताईच्या नावाची पट्टी

तीर्थरूप किनुएताईस, धाकट्या शिगेनोचा वाकून नमस्कार. (हे वाचून दाखवणाऱ्या शेजारच्या उराबेबाईंनाही.) तुझी कंबर कशी आहे? डोळ्यांचं विचारत नाही. ‘धुकं पडलंय, मोतीबिंदू नाही’ हे उत्तर मला पाठ झालंय.

परवा इथे माहेरच्या देवळात फुदोदेवापुढे होम झाला. यंदा तुझ्यासाठी बसायचंच, असं मी ठरवलं होतं. आचार्य शुन्काईंनी म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, पण मी जमिनीवर गुडघे मोडून बसले. (खुर्चीत मियावाकींची सासू बसली होती. ती माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, मग मी कशी बसणार?) ढोल घुमायला लागला, ज्वाळा छताकडे झेपावल्या आणि पंधरा मिनिटांत माझे दोन्ही पाय मला सोडून गेले. तरी हलले नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते धुराचं, पण मागच्या बायका माझी भक्ती बघून गहिवरल्या.

आता माझी चूक सांगते. होमात टाकायच्या लाकडी पट्टीवर नाव, वय आणि मागणं लिहितात, हे तुला ठाऊकच आहे. मला वाटलं, लिहिलं की जळलं, देवाखेरीज वाचतंय कोण! यंदापासून आचार्य प्रत्येक पट्टी खणखणीत आवाजात वाचून मग अग्नीत टाकतात, हे मला कुणी सांगितलंच नाही. तुझं नाव आलं, वय आलं, अठ्ठ्याहत्तर. (तू सगळीकडे चौऱ्याहत्तर सांगतेस, मला माहीत आहे.) मग हिचा हट्ट जळून खाक होवो, ऑपरेशन करून घ्यायची बुद्धी होवो, गेल्या महिन्यात हिने पोस्टमनला जावई समजून जेवायला बसवलं आणि तो जेवलाही, हे सगळं आलं. अख्खं माहेर हसलं, ताई.

होम संपला तरी मला उठता येईना. शेवटी त्याच सासूबाईंच्या खुर्चीत बसवून चौघांनी मला उचलून घरी आणलं. निघताना आचार्य हळूच म्हणाले, “शिगेनोबाई, पट्टी जळली. देवाचं काम देव बघेल, उरलेलं तुम्ही बघा.”

लोभ आहेच. राग आला असेल तर तोही कळव.

तुझी,
शिगेनो

ता.क. उराबेबाई, एवढं मनातल्या मनात वाचा. मंगळवारी ताईची पिशवी भरून ठेवा. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी पहिल्या बसने येते. तिला सांगा, समुद्रावर फिरायला जायचंय.

आणखी एक. हे मात्र मोठ्याने वाचा. ताई, पट्टीच्या मागच्या बाजूलाही मी लिहिलं होतं, ते आचार्यांनी वाचलं नाही. भावंडांत आपण दोघीच उरलोय. ‘देवा, तिला मी दिसत राहू दे.’