काळ्या चोचीचा पाहुणा

निजामपुरा, बडोदे
१० एप्रिल २०२५

विश्वंभरभाऊजींना नमस्कार,

तुमचं पत्र येऊन दोन महिने झाले. उत्तराला उशीर मुद्दाम केला. आमची देवश्री सुट्टीत मुलांना घेऊन येईल. तुमच्या मित्राची नजर आता उजेड-अंधारापुरती उरलीय, कानही जड झालेत. डॉक्टर म्हणतात, पावसाळा निघाला तर नशीब. स्वभाव तोच.

यंदा आमच्या पेरूवर माशीमार आला का, असं तुम्ही विचारलंत. आला, नोव्हेंबरात, शेपटी उडवत. हे रोज सकाळी खुर्ची खिडकीशी ओढायला लावायचे. "काय बसलंय गं? चोच बराबर बघ." खालची चोच फिकट, तर नेहमीचा. चोच पूर्ण काळी आणि शेपटीच्या वरही काळं, तर त्याचा पूर्वेकडचा भाऊ, ज्याच्यापायी तुम्ही दोघांनी तीस वर्षं तळी पालथी घातलीत आणि जो एकदाही दिसला नाही.

मी सांगायचे, "चिमणी आहे."

हरणीच्या तळ्यावर मी वीस जणांसमोर माशीमाराला चिमणी म्हटलं होतं. हे म्हणाले, "हिला पोळ्या लाटू द्या." सगळ्यात मोठ्यानं तुम्ही हसलात. पुढे कित्येक वर्षं मी तुमच्या पक्षीमंडळात चिमणीबाई होते. त्या आठवड्यापासून हे रिफायनरीत गेले की मी यांचीच दुर्बीण घेऊन बसायचे. यांना कळलं नाही, कारण यांनी कधी विचारलंच नाही.

तेव्हा चुकून म्हटलं होतं, यंदा बघून म्हटलं. चोच पूर्ण काळी होती, भाऊजी. पाच महिने, दहा हातांवर.

फेब्रुवारीत एकदा म्हणाले, "ही चिमणी रोज एकटीच कशी?" मी चहा पुढे केला. त्यानंतर विचारणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

तो दिसला तर पहिल्या गाडीनं येतो, असं तुम्ही लिहिलं होतंत, म्हणून तो जाईपर्यंत थांबले. गेल्या सोमवारी गेला. फोन हातात होता, पण फोटो काढला नाही. फोटोशिवाय नोंद नाही, हा नियम तुमचाच.

आता खुशाल या आणि यांना सांगा, ती चिमणी नव्हती. माझं कधी खरं मानलं नाही, तुमचं मानतील. जाताना तेवढंच बरोबर नेतील.

तुमच्याइतकीच जाणकार,
निरुपमा