तुमच्या गाडीचं स्टूल

अप्पा,

तुमच्या गाडीचं मी स्टूल केलं. आईला स्वयंपाकघरात बसायला. इंजिन तेवढं ठेवलं, बाकी टाकी, चेसी, दोन्ही चाकं नांदेडच्या भंगारवाल्याला किलोवर घातली. ज्या टाकीला तुम्ही दर दसऱ्याला झेंडूचा हार घालायचात, ती त्यानं आधी पायानं चेपली आणि मग काट्यावर टाकली. मी उभा राहून बघितलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. समोरच्या गाड्यावर भजी चांगली मिळतात, ती खाल्ली आणि आलो.

तुम्हाला माझा धंदा माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो, आणि हा काही शिकणार नाही असं तुम्ही चारचौघांत सांगायचात. तेवढं एक तुमचं खरं निघालं. आयटीआय अर्ध्यात सोडलं, मग हैदराबादला एका हॉटेलात, मग ऊसतोडीच्या मशीनवर, मग कुठं कुठं, ते सांगत बसलो तर मुद्दा राहून जाईल. आता नांदेडला एका शेडमध्ये जुन्या मोटरसायकलींच्या इंजिनांचं फर्निचर करतो. टेबल, स्टूल, दिव्याचे स्टँड. भंगारातून इंजिन आणायचं, आतलं तेल काढायचं, डिझेलनं धुवायचं, तारेच्या ब्रशनं घासायचं, चमक आणायची. इंजिनाचं कव्हर अॅल्युमिनियमचं, त्याला लोखंडी पाय वेल्डिंगनं धरत नाहीत. म्हणून ज्या भोकांत ते गाडीला बोल्टनं कसलेलं असतं, त्याच भोकांत पट्ट्या कसायच्या आणि पट्ट्यांना पाय जोडायचे. वर काच, नाहीतर बाभळीची फळी. लातूरचे डॉक्टर, हॉटेलवाले घेतात. हॉलमध्ये ठेवतात आणि पाहुण्याला सांगतात, हे इंजिन आहे बरं का. पाहुण्याला दिसतच असतं. दोन गोष्टी मी पाळतो. चालू होणारं इंजिन फर्निचरला घेत नाही. आणि केलेल्या वस्तूवर आधी स्वतः बसतो, हलून बघतो, मगच देतो. टेबलावरसुद्धा बसतो.

तुमची गाडी गावात पहिली नव्हती, पण मिजास पहिली होती. तिच्या मागच्या सीटवर कोण कोण बसलं ते मला पाठ आहे. सरपंचाचा भाऊ, दवाखान्यातला कंपाउंडर, खताचं पोतं, एकदा तर बोकड. आई कधीच नाही. 'लुगड्याचा पदर चाकात जातो,' तुम्ही म्हणायचात. मी लई वर्षं ते खरं धरून चाललो. मग शाळेतल्या बाईंना तुम्ही निलंग्याच्या स्टँडावर सोडायला लागलात, आणि बाईही साडीच नेसायच्या. मी आईला विचारलं. ती म्हणाली, 'त्येंचा पदर आखूड असंल,' आणि पीठ मळत राहिली.

मामाच्या लग्नाला लोह्याला गेलो ते आठवतं का? आई, मी आणि ट्रंक एसटीत, तुम्ही गाडीवर. लातूरला बस बदलून पुढं सगळा रस्ता उभ्यानं. आम्ही उतरलो तेव्हा तुम्ही स्टँडासमोरच्या हॉटेलात पाय पसरून चहा पीत होतात, भोवती आईच्या माहेरची माणसं. 'एवढा उशीर?' तुम्ही विचारलंत. आई म्हणाली, 'एसटी म्या चालवत व्हते का?' एवढंच. तुम्ही हातातला काचेचा ग्लास तिच्या पायापाशी आपटलात. मामा हसले. जावई म्हटल्यावर हसावंच लागतं. आणि आई खाली बसते, काचा वेचते, पदरात घेते. त्याच पदरात, जो चाकात जाणार होता.

माझ्या पोटरीवर डाग आहे. तुम्ही नुकतेच बाहेरून येऊन जेवायला बसला होतात आणि मी गाडीवर चढलो. सायलेन्सर तापलेला होता. मी ओरडलो तसे तुम्ही उष्ट्या हातानं धावत आलात आणि आधी फडक्यानं सायलेन्सर पुसलात. माझी कातडी चिकटली होती ना त्याला. मला आईनं दात घासायची पेस्ट लावली. पुढं तर तुमची गाडी मारुतीच्या पारापाशी वळल्याचा आवाज आला की घर बदलायचं. मी पुस्तक उघडायचो. आई डोक्यावर पदर घेऊन, तांब्या भरून दारात. रेस कशी मारताय त्यावरून कळायचं, आज जेवण होणार की ताट भिंतीवर जाणार.

मग तुम्ही लातूरच्या दवाखान्यात गेलात ते परत आला नाहीत. गाडी गोठ्यात, कडब्यामागं पडून राहिली.

आता आईचे गुडघे गेलेत. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर बसायचं नाही. ओट्यापाशी बसायला प्लास्टिकचं स्टूल आणलं, त्याचा पाय चिरला आणि ती ओट्याला धरून वाचली म्हणून बरं. दिवाळीला आलो तर म्हणाली, 'लोकायला एवढालं करून देऊन राहिलास, मला बसायला काय हाय?'

'आणतो की एखादं इंजिन.'

'आणतो कशाला? गोठ्यात हाय की.'

'अप्पांचं?'

'त्येंचं कुठलं? माझ्या बापानं दिल्ती ती गाडी, लग्नात. तिचं काय करायचं ते मी सांगते.'

हे मला कुणी कधी बोललंच नव्हतं. ज्या गाडीवर बसून तुम्ही तिच्या माहेरच्यांसमोर मिरवलात, ती त्यांचीच होती. देणाऱ्याची लेक एसटीत उभी. अप्पा, तुम्हाला कधी लाज वाटली का, एवढंच विचारायचं होतं. उत्तर नको. तुमचं उत्तर काय असेल ते पोटरीवर आहे.

माझ्या नियमानं आधी इंजिन चालू होतं का ते बघायला पाहिजे. पिस्टन जाम होता. वरून डिझेल ओतून ठेवलं, कार्बोरेटर खोलून धुतला, प्लग नवा टाकला, बाटलीतून पेट्रोल दिलं. किक मारून मारून पाय भरून आला आणि आता सोडावं म्हणेपर्यंत ती पेटली. तोच आवाज, तोच निळा धूर. मी तोंडातली तंबाखू थुंकून टाकली. एवढा बाप्या झालो, कोण बघत होतं? मागं वळलो तर आई दारात. गुडघे दुखत असताना कधी उठली कळलं नाही. डोक्यावर पदर, हातात भरलेला तांब्या. मला बघून तिची मान खाली गेली, जशी काही चोरी पकडली.

'बंद कर ते.'

केली. म्हणालो, 'चालतंय की आई. असलं तोडू नाही. विकू, त्या पैशात दुसरं करून देतो.'

तिनं तांब्यातलं पाणी शेवग्याच्या बुडात ओतलं. 'मला चालणारं नको. बसायला पाहिजे.'

म्हणून नियम मोडला. इंजिन नांदेडला नेलं, आतले गिअर काढले, पिस्टन काढला, धुतलं, घासलं. किक शोभेला ठेवू का म्हणून फोनवर विचारलं. 'पायात येईल,' म्हणाली. तीही काढली. वर बाभळीची फळी बसवली आणि काल आणून ओट्यापाशी ठेवलं. ती लगेच बसली. मला वाटलं काही बोलेल, निदान हसेल. तिनं परात पुढं ओढली आणि भाकरी थापायला घेतली. दोन झाल्या, मग म्हणाली, 'एक पाय डुगडुगून राहिलाय.'

मी म्हणालो, फरशी वरखाली आहे. फरशी सरळ आहे. खरं असं की ह्या स्टुलावर मी शेडमध्ये ज्वारीचं पोतं ठेवून बघितलं होतं. पोत्याला डुगडुग कळत नाही. दार आतून लावलेलं होतं, मी एकटाच होतो, तरी पोतंच ठेवलं.

पाय नीट करायचा तर परत नांदेडला न्यावं लागेल. तोवर खाली कागदाची घडी घातली की भागतं. एका कागदानं भागलं नसतं, म्हणून एवढं लिहिलं, नाहीतर तुम्हाला काय लिहायचं होतं. आई शेजारी गेली आहे. स्टूल रिकामं आहे, आणि मी त्याच्याशेजारी खाली फरशीवर बसून लिहून राहिलो.