उजवा पंख

अहो,

रविवारी मी डॉक्टरांचं नाव काढलं तेव्हापासून अबोला आहे, म्हणून लिहून ठेवतेय. अबोला सुटला असं समजू नका.

ऋचाकडे विचुंब्याला चाललेय, संध्याकाळी जावई सोडतील. भात कुकरमध्ये आहे, आमटी तेवढी गरम करून घ्या. चहा केलात तर कप अर्धाच भरा.

बाई फरशी आणि टेबल पुसायला येणार होती, म्हणून तुम्ही जोडताय ते प्लास्टिकचं छोटं विमान जेवणाच्या टेबलावरून उचलून शोकेसवर ठेवलंय. आणि हो, त्याच्या उजव्या पंखावरचे स्टिकर मी बसवले. डिकल म्हणतात, माहीत आहे. कागद कोमट पाण्यात भिजवायचा, डिकल सुटलं की ब्रशने पंखावर सरकवायचं, कापसाने टिपायचं. दोन महिने तुमच्यासमोर बसून भाजी निवडतेय, एवढं कळतं मला. ओरडायचं असेल तर आधी बोलावं लागेल.

डाव्या पंखावरचे आकडे तुम्ही चारदा बसवलेत, तरी तिरकेच. म्हणे चष्म्याचा नंबर वाढलाय. चष्म्यामुळे चहा हिंदकळत नाही. ते आकडे आता सरळ करायला जाऊ नका, आणि गुरुवारपर्यंत वरून वार्निशही मारू नका.

गुरुवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे, नवीन पनवेलला, मेंदूच्या डॉक्टरांची. विमान बुटांच्या खोक्यात घालून बरोबर न्यायचं. डावा पंख तुमचा, उजवा माझा. डॉक्टरांना तेवढं दाखवू, म्हणजे तुम्हालाही काही बोलावं लागणार नाही आणि मलाही.