आजोबांच्या वहीतला आरसा

७ जानेवारी, रविवार

आणि परत तेच! 'वही परत पाठव.' तीन ओळींचं पत्र, त्यात दोनदा वही. पोरगा जिवंत आहे का, थंडीत कुडकुडतोय का, त्याची चौकशी नाही. नाही पाठवणार, बाबा. मागच्या चार पत्रांत नाही म्हटलं, पाचव्यातही नाहीच.

वही म्हणजे हीच. पुढून आजोबांनी लिहिली, मधे बाबांनी, आणि मागच्या कोऱ्या पानांवर आता मी. बाबांना कळलं तर माझी पाठ सोलून निघेल. घर सोडताना सदऱ्याखाली लपवून आणली. चोरीच ती. पण आमच्या घरात या वहीच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही. आजोबांनी लिहून ठेवलंय – आपल्या घरात रक्त पिणारी माणसं निपजतात. पांढरीफटक, ऊन न सोसणारी, आरशात न दिसणारी, सकाळी ओठांवर रक्त. त्यांची सख्खी बहीण तशी निघाली. तिला टेकडीवर चुन्याच्या भट्टीमागच्या खोलीत कोंडलं. वर्षात गेली.

आता माझी बहीण. बारकी. सतरा वर्षांची. उन्हात गेली की अंगावर फोड, हिरड्यांतून रक्त, उशीवर डाग. 'रक्त पिणारी' हा शब्द घरात कुणी काढत नाही. 'त्यातली' म्हणतात. सध्या मागच्या खोलीत आहे, बाहेरून कडी. मार्चच्या एक तारखेला तिला भट्टीच्या खोलीत नेणार.

मला वाटलं होतं, वहीच नसली की नेणार नाहीत. विसरलो की बाबांना वही पाठ आहे.

८ जानेवारी

कोटाची किंमत विचारली. तीस रुपये. त्यापेक्षा थंडी बरी. तरी साठवतोय.

१४ जानेवारी, रविवार

आज सुट्टी, म्हणून आजोबांना वाचायला बसलो. दुसरीत शाळा सुटली – मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर आईचं नि माझं अजून एकमत नाही – त्यामुळे एक पान म्हणजे अर्धा दिवस. अक्षर कसलं, नुसत्या मुंग्या पळाल्यात.

बहिणीची परीक्षा कशी घेतली ते सापडलं. जसंच्या तसं उतरवतो –

'तिला अशक्तपणा फार, म्हणून मोरीशेजारच्या भिंतीवरील आरशासमोर तिवईवर बसविले. मी पाठीशी उभा राहिलो. आरशात मी स्वच्छ दिसलो. तिच्या जागी केवळ काळोख. तीन दिवस पाहिले. तिन्ही दिवस तसेच. आता संशय उरला नाही.'

वाचून अंगावर काटा आला. मग स्वतःचाच राग आला.

आमच्या घरात आरसा नाही. मला कळतंय तेव्हापासून नाही. बाबा दाढीसुद्धा हाताने चाचपत करतात, गालावर कायम एक चीर. मी स्वतःला पहिल्यांदा धड बघितलं ते इथे, आरशाच्या कारखान्यात, कामाच्या पहिल्या दिवशी. समोरून कोण येडा येतोय म्हणून बाजूला झालो, तर तोही झाला. मला काम शिकवणारे उस्ताद ते अजून सगळ्यांना सांगतात.

१७ जानेवारी

उद्यावर टाकत नाही, आजच लिहितो.

सकाळी एका न्हाव्याने जुना आरसा आणला, नवीन करून द्या म्हणाला. उस्तादांनी मला धुवायला बसवलं. बुटक्या स्टुलावर बसलो, फडकं ओलं केलं, वर बघितलं – मी नाही! मागे उस्ताद उभे, मिशीसकट पूर्ण. माझ्या जागी काळं.

फडकं गळून पडलं.

"काय रे, भूत बघितलंस?"

"उस्ताद, मी नाहीये यात."

"बरं आहे की. तेवढाच आरशाला आराम."

मग माझं तोंड बघून ते गंभीर झाले. आरसा उलटा करून दाखवला. वरची पाठ चकचकीत, खालून अर्ध्यापर्यंत काळी, खवले सुटलेली. म्हणाले, "ओल्या भिंतीवर होता. पाणी चौकटीत उतरतं, तळाला साचतं आणि पारा खात खात वर चढतं. उभा राहशील तर दिसशील. बसशील तर काळोख."

काळोख. हाच शब्द.

त्यांनी मला काखेत धरून उभं केलं, लहान पोराला करतात तसं. दिसलो.

मोरीशेजारची भिंत. तिवई. बहीण बसलेली, भाऊ उभा. तिन्ही दिवस तसंच. तिला एकदा उभी करायला काय झालं होतं?

१८ जानेवारी

बाबांना सगळं लिहिलं. चार पानं. आयुष्यात एवढं लिहिलं नव्हतं.

२० जानेवारी

कारखान्यात कुणाला भाजलं-कापलं तर बघायला शनिवारी डॉक्टर येतात. त्यांना विचारलं, एका मित्राच्या बहिणीला असं असं होतं. चष्म्यावरून बघत म्हणाले, "मित्राच्या की तुझ्या?" मग म्हणाले, "रोग आहे. मी दोन माणसं पाहिलीत अशी. त्यातला एक अजून भेटतो, मोठी टोपी घालून फिरतो, संध्याकाळी मित्रांबरोबर पत्ते खेळतो. पूर्ण बरं करीन असं नाही म्हणत. पण जगता येतं. आण तिला."

पत्ते खेळतो! डॉक्टरांचं बाबांना कळवतो, आणि हे पत्त्यांचं आईमार्फत बारकीला. ती पत्त्यांत चोरी करते.

२८ जानेवारी, रविवार

बाबांचं उत्तर. 'चार आरसे पुसलेस म्हणून बापाच्या बापाला शिकवायला निघालास? वडील चुकले असं वडिलांच्या अक्षरात लिहिलेलं दाखव. तुझ्या अक्षरातलं नको.'

खाली आईने कुणाकडून तरी एक ओळ घालून घेतली आहे – 'पोरी, जेवत जा असं दाराबाहेरून सांगते. ती आतून म्हणते, तूच जेव.'

रागाच्या भरात वही भिंतीवर फेकली. ती उघडी पडली ती बाबांच्या पानावर. ती पानं मी कधी वाचली नव्हती, म्हटलं आजोबांचीच नक्कल असणार. मागच्या पावसाळ्यातलं पान – 'आज लेकीच्या उशीवर रक्त. ती खिडकीत बसून कसलंसं गाणं म्हणत होती. मला बघून हसली. मी खाली बघितले.'

एवढंच. पुढे काही तरी खोडलंय, कागद फाटेपर्यंत.

बाबांशी भांडायची सगळी तयारी होती. ती गेली.

३ फेब्रुवारी

आरसा केला. माझा पहिला, काचेपासून पाठीपर्यंत. उस्तादांनी कापातली उरलेली काच दिली. खडूच्या भुकटीने तीनदा धुतली, कोमट केली, चांदीचं पाणी ओतलं. आधी नुसतं गढूळ दिसतं. मग बघता बघता आतून उजाडल्यासारखं होतं. रोज बघतो तरी रोज श्वास थांबतो. पाठीला लाल रंगाचे दोन हात जास्तीचे. ओल काय, पूर आला तरी हटायचा नाही.

उस्तादांनी बोट फिरवून बघितलं. "चालेल," म्हणाले. त्यांच्या तोंडून चालेल म्हणजे मुंडावळ्या बांधलेला नवरदेवच मी.

भुसा भरून, पेटी ठोकून बाबांच्या नावे पाठवला. आत चिठ्ठी – 'बारकीला यासमोर बसवा. बसवाच. उभी करू नका.'

१५ फेब्रुवारी

फुटला.

बाबा लिहितात, 'पेटी उघडली तर तुकडे. वरून इशारा मिळाला, आणखी काय हवं? एक तारीख ठरली ती ठरली.'

पेटी कुणी आपटली असेल, गाडीवानाने की हमालाने, त्याचा हात... जाऊ दे. दिवसभर काम झालं नाही. दोन काचा माझ्याही हातून गेल्या.

त्याच दिवशी, संध्याकाळी

पाकीट फेकायला घेतलं तर आत आणखी एक चिटोरं होतं, घडी घालून चिकटवलेलं. बारकीचं अक्षर! माझं नसेल तेवढं चांगलं. आईनेच गुपचूप घातलं असणार.

'दादा, आईने दाराखालून एक तुकडा सरकवला. तळहाताएवढा. मी दिसते. बसून दिसते, झोपून दिसते, पांघरूण घेतलं तरी दिसते. माझं नाक बाबांसारखं आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांना आतून ओरडून सांगितलं. ते म्हणाले तुकड्याचा काय भरवसा. पत्तेवाल्याला सांग, मी येतेय.'

किती वेळा वाचलं मोजलं नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

'वडिलांच्या अक्षरात दाखव.' बरं. म्हणून वही पहिल्यापासून पुन्हा, एकेक पान. आजोबा संपतात आणि बाबा सुरू होतात तिथे एक पान जाड लागतं. आजवर वाटायचं ओलीने चिकटलंय. आज बोट फिरवलं. कडेकडेने खळ लावलीय. कुणी तरी मुद्दाम.

कारखान्यात गेलो. उस्ताद सुट्टीच्या दिवशीही तिथेच असतात, घरी सूनबाईशी पटत नाही. काच कोमट करायच्या पत्र्यावर वाफ धरली, रंग खरवडायच्या पातळ सुरीने त्यांनी कड उचलली. सर्जनसुद्धा एवढा हळू कापत नसेल. आतल्या बाजूला आजोबा –

'आज मुलाला सहज आरशासमोर उभे केले. वय वर्षे चार. तो हसत होता. आरशात काळोख. उचलून घेतले, तो दिसला. खाली ठेविले, नाही. पुन्हा उचलले, दिसला. तो खेळ समजून खिदळत राहिला. तेव्हा उमगले. बहीण जाऊन आज अकरा दिवस झाले. हे कोणापाशी बोलू? आरसा माळ्यावर टाकला. या घरात पुन्हा आरसा नको.'

चार वर्षांचा मुलगा म्हणजे बाबा.

मी मोठ्याने वाचलं होतं. उस्तादांनी सुरी पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "म्हाताऱ्याला कळलं होतं रे. तोंड उघडायचा धीर झाला नाही, पण पान फाडायचाही झाला नाही."

१९ फेब्रुवारी

पाठवू की नको? बाबांनी पन्नास वर्षं ज्यांच्या शब्दावर पाय रोवले, त्यांनीच पाय काढून घेतले असं होईल. उस्तादांना विचारलं. म्हणाले, "घाव बसेल. पण पोर दाराआड आहे ना? मग विचारतोस काय?"

नक्कल करून ठेवली ती कालच्या तारखेला आहेच. खरं पान वहीतून सोडवलं आणि दोन पुठ्ठ्यांमधे घालून पाठवलं. सोबत एवढंच लिहिलं – 'बाबा, अक्षर ओळखा. तुम्ही खिदळत होतात.'

२४ फेब्रुवारी

काही नाही.

२६ फेब्रुवारी

काही नाही. पोस्टमन मला बघून आता रस्ता बदलतो.

२८ फेब्रुवारी

आलं.

'पान मिळाले. माळ्यावरून जुना आरसा काढला, पुसला. आधी मी समोर बसलो. नव्हतो. मग उभा राहिलो. फार म्हातारा झालोय, तू सांगितले नाहीस. मग बारकीच्या दाराची कडी काढली आणि तिला उचलून धरायला गेलो तर म्हणाली, बाबा, मी सतरा वर्षांची आहे, माझी मी उभी राहते. तुझ्या डॉक्टरला विचार कधी आणू. तिला एकटी पाठवणार नाही. वही तिथेच राहू दे. पुढची पाने ती लिहील.'

वहीबद्दल एवढंच. परत मागितलेली नाही.

कोट पुढच्या थंडीला. तिकीट चौदाचं. दोघांचे अठ्ठावीस रुपये पाठवतोय.