सपोर्टला मी आहे ना

३ फेब्रुवारी
जिमचा पहिला दिवस. तळघर, एक हीटर, तोही रुसलेला. आत शिरताच रीतीप्रमाणे सगळ्यांशी हात मिळवला. एक पोरगा बेंचवर पडून बार उचलत होता. त्याच्यापुढेही हात केला. मोठ्या माणसाचा हात टाळायचा कसा? त्याने बार एका हातावर पेलून दुसरा हात दिला. बार कलला, प्लेटा धडाधड खाली. पोरगा संस्कारी. नाव एरमात. ट्रेनर साल्कीन म्हणाली की सेट चालू असताना सलाम नाही केला तरी चालतो. बाईला रीतभात कमी.
सगळे मला बाइके म्हणतात. थोरला भाऊ म्हटलं की जबाबदारी आलीच.

५ फेब्रुवारी
संकल्प. स्वतः वजन उचलणं दुय्यम. उचलणाऱ्याच्या डोक्यामागे उभं राहायचं, अडकला तर बार धरायचा. याला सपोर्ट म्हणतात. हे काम माझंच! एकवीस वर्षं इथे कराकोल शहरात ड्रायव्हिंग शिकवतोय. माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, समोरचा चुकायच्या आधीच दाबतो. एक अपघात नाही. बुरुल म्हणते, तुमचे विद्यार्थी पास तरी कुठे होतात? बायकोला तांत्रिक बाबी कळत नाहीत.

९ फेब्रुवारी
कुणी बोलावलं नाही. लाजतात. मीच विचारत फिरलो. एक म्हणाला, वॉर्मअप आहे, बाइके. दुसरा म्हणाला, झालंच माझं. तिसरा उभ्या उभ्या बायसेप्स मारत होता. त्यालाही सपोर्ट दिला.

१४ फेब्रुवारी
एरमातने एकशे तीस किलो घेतलं. बार मध्येच जरा थरथरला. मी धरला, वर नेला. तो म्हणाला, निघत होता, बाइके. मी म्हटलं, आभार कसले!
साल्कीनने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: सपोर्टवाल्याचा हात लागला की ती उचल धरत नाहीत. बार खाली यायला लागला तरच हात घालायचा, आणि आधी विचारायचं. बाकीच्यांना कुणीतरी सुनवायलाच हवं होतं. मी जोरजोरात मान हलवली.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी
जिम रिकामं. पोरं म्हणे सकाळी सहाला यायला लागली. माझ्यामुळे शिस्त आली. उद्यापासून मीही सहाला.

२६ फेब्रुवारी, सकाळी ६:१०
कुणी नाही. साल्कीन म्हणाली, आजपासून पुन्हा संध्याकाळी. चुकामूक.

७ मार्च
जिवाला चैन नाही. चहा तीनदा गार झाला. वीस तारखेला इथेच जिममध्ये निवड आहे, पंच साल्कीनच. एरमातने एकशे चाळीस उचललं तर प्रांताच्या संघातून राजधानीत, बिश्केकला स्पर्धेला. वर्षभर तो त्याच्यापायी मरतोय. त्याच्या मागे उभं कोण राहणार?
इथे स्पष्टच लिहितो. गाडीत पोरं माझ्या शेजारी बसतात ती ड्रायव्हिंग स्कूल बसवतं म्हणून. एकदा तरी कुणी आपणहून म्हणावं, बाइके, मागे राहा. बास, एवढंच.

१५ मार्च
एरमातला जेवायला बोलावलं. बुरुलने बेशबर्माक केलं होतं, शेवयांवर उकडलेलं मटण. मटणाचा चांगला तुकडा त्याच्या ताटात वाढला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, सपोर्टला मी आहे ना! खाल्ल्या मिठाला जागणारा पोरगा. आधी खोकला, मग हो म्हणाला. त्याची अट एकच, तो हाक मारेपर्यंत मी बारला हात लावायचा नाही. मी नानवर हात ठेवून शपथ घेतली. बुरुल त्याच्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. बहुतेक पोट भरलं नसावं त्याचं.

२० मार्च, दुपारी २
तिसरी, शेवटची उचल. एकशे चाळीस. मी मागे, हात पाठीशी बांधलेले. बार छातीवर टेकला, निघाला, अर्ध्यावर थांबला. एरमातने हाक मारली नाही. बार पुन्हा सरकायला लागला, आणि माझी बोटं. दोनच. दोनच बोटं लागली.
साल्कीनने नकारार्थी मान हलवली. उचल बाद.
एरमात उठला, माझ्याशी हात मिळवला, आभार मानले आणि जिमच्या बुटांवरच बाहेर बर्फात निघून गेला.

२० मार्च, दुपारी ४
तो अडकणारच होता. साल्कीनच्या व्हिडिओत बार वर चाललेला दिसतो. फोन वाकडा धरला असणार. चारदा पाहिला.

२१ मार्च
नूरूझ, नव्या वर्षाचा सण. सगळीकडे गाणी. बाहेर पडलो नाही.

२८ मार्च
जिमला गेलो. कुणाला काही विचारलं नाही. स्वतःच साठ किलो घेऊन बेंचवर पडलो. दोनदा निघालं. तिसऱ्यांदा बार छातीवर बसला तो बसलाच. ओरडायची लाज वाटली. डोक्यामागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. एरमात. सपोर्ट देऊ का, बाइके, असं त्याने विचारलं. मला हो म्हणायलाही श्वास पुरेना, मान हलवली. बार वर गेला, जागेवर बसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एरमात म्हणाला, सगळं तुम्हीच उचललंत, मी नुसता उभा होतो.
घरी येऊन लिहिलं: साठ किलो, तीन वेळा.
पण जिममध्ये बेंचसमोर आरसा होता. एरमातच्या दोन्ही हातांच्या शिरा कोपरापर्यंत तट्ट फुगलेल्या मी त्यात पाहिल्या.
खोडलं. साठ किलो, दोन वेळा.