सतरा नंबरचा पत्रा

माझ्या घरी कोणी मेलं नाही. हे पहिले लिहून टाकते. कारण मागच्या बुधवारी सकाळी अकरा बाया तोंडाले पदर लावून माझ्या ओसरीत येऊन बसल्या, अन् मले धडधाकट पाहूनही त्यातली एकही उठली नाही. शेजारची देवकाबाई तर माझा हात धरून म्हणे, "कसं झालं वो?" मी म्हटलं, "काय कसं झालं?" तर म्हणे, "शेवटचं काही बोलले का?" घरात मी जिती, तुझा बाप जिता, तुझी माय अंगणात भांडे घासून राहिली होती, तिघंही दाखवले. तरी दोघी जणी रडूनच गेल्या, आलोच आहो तर म्हणून. या वयात आपल्याच ओसरीत आपण मेलो नाही याचा पुरावा द्यावा लागला मले. अन् हे सगळं कोणापायी? तुझ्या संशोधनापायी.

आता रीतीचं लिहिते. चिरंजीव डॉक्टर सोनिका ओमेश्वर बिसेन, मुक्काम पुणे, हिले आजी धुरपताबाईचे अनेक आशीर्वाद. (चिरंजीव आधी लिहायचं की डॉक्टर, हे आमच्या चौथीत शिकवलं नव्हतं. त्याच्या पुढे मी शिकली नाही.) तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? इकडे थंडी खूप आहे, माझे गुडघे रोज काहीतरी बोलतात, मी ऐकत नाही. तुझ्या बापाले पित्ताचा त्रास, तुझ्या मायले तुझ्या बापाचा. फोनवर हे काही बोलता येत नाही, कारण तू "हो आजी, हो आजी" म्हणते अन् ठेवते. म्हणून पत्र.

तू जाताना काय सांगून गेली ते पुन्हा लिहिते, म्हणजे मागून कोणी म्हणायले नको की बुढीनं घोळ केला. आपल्या धानाच्या बांध्यांत रानमांजरं, उदमांजरं, कोल्हे किती फिरतात हे तुले मोजायचं आहे. त्यासाठी बांध्यांमधल्या मातीच्या धुऱ्यांवर वीस टिनाचे पत्रे मांडले. पत्र्यावर खडूची भुकटी पातळ पसरायची, सकाळी जाऊन कोणाचा पाय उमटला ते तक्त्यात लिहायचं, फोटो काढायचा, भुकटी पुन्हा सारखी करायची. साठ दिवस, सलग, एकही खाडा नाही. साठ भरले तर वरचे साहेब तुझी फेलोशिप एक साल वाढवणार. एक दिवस जरी कमी पडला तर तुझं शास्त्र मार्चात बंद, अन् तुझ्या बापानं गोंदियाले ठरवून ठेवलेल्या कोचिंग क्लासमध्ये पोट्ट्यांले बेडकाचं पोट शिकवणं सुरू. हेच ना?

तर अठ्ठावीस दिवस तू अन् तुझा मदतनीस गजेंद्र यांनी केले. मग वरूनच पगार आला नाही म्हणून गजेंद्र रायपूरले कामाले निघून गेला. (त्याचा राग नको करू. पायाचे ठसे खाऊन कोणाचं पोट भरते?) मग तू पुण्याले इंटरव्यूले गेली. एका तात्पुरत्या जागेसाठी दीडशे डॉक्टर रांगेत बसले होते म्हणे. आपल्या गावात ताप आला तर एक डॉक्टर सापडत नाही, अन् तिकडे दीडशे रिकामे. वेगळ्या जातीचे डॉक्टर असतात हे मले माहीत आहे, पण रिकामे तर आहेतच ना. मग तुझ्या गाइडनं तुले तिथंच बसवून ठेवलं, दुसऱ्या अर्जासाठी. अन् त्यानंतर तिसऱ्या. मले एक सांग, तुम्ही लोक शास्त्र कधी करता? मी तर तुले शास्त्र करू द्या म्हणून अर्ज करतानाच पाहून राहिली, पाच वर्षांपासून. ते असो. राहिलेले बत्तीस दिवस माझ्या गळ्यात.

केले. दव पडो का धुकं असो, हातात काठी, गळ्यात तुझा जुना मोबाईल, कमरेले चाळणी. चाळीसाव्या दिवशी खडूची भुकटी संपली. तुझ्या हापिसात फोन केला तर तिथली बाई म्हणे आधी मंजुरी घ्या, मग बिल लावा. मी म्हटलं, मंजुरी येईपर्यंत कोल्ह्याले थांबायले सांगू का? ठेवलाच तिनं फोन. मग मी घरातल्या कण्या दळून आणल्या. तांदळाचं पीठ बारीक, पांढरं, ठसा कसा शिक्का मारल्यासारखा घेते. मले वाटलं, मोठी हुशारी केली.

अन् इथंच चुकलं. तू शहरात राहून विसरली असशील. आपल्याकडे माणूस गेलं की घरात पीठ पसरतात, वरून टोपली पालथी घालतात, अन् दुसऱ्या दिवशी टोपली उचलून पाहतात. मांजराचा पाय उमटला की पाखराचा की लेकराचा, त्यावरून कळते की गेलेला कोणत्या जन्माले गेला. एका मयताले एक टोपली. अन् मी भल्या सकाळी वीस ठिकाणी तांदळाचं पीठ पसरून, वाकून वाकून पाय पाहून राहिली. कुजबुज झाली, अन् मग त्या अकरा बाया आल्या. (वीस मेले असं समजूनही अकराच आल्या. कोण कोण नाही आलं ते मी लक्षात ठेवलं आहे.)

त्यांले समजावून सांगितलं की ही मांजराची मोजणी आहे, सरकारी आहे, मेलेल्याचा काही संबंध नाही. बायांनी माना डोलवल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या धुऱ्यावर हजर. चार नंबरवर मुंगसाचा ठसा होता, तो पाहून देवकाबाईनं डोक्यावर पदरच घेतला. "माझी सासू," म्हणे. मी म्हटलं, "मुंगूस आहे." तर म्हणे, "तेच म्हणते. चाल पहा ना, दारामागून येऊन कानोसा घेतल्यासारखी." आता ती रोज चार नंबरजवळ एक अंडं ठेवून जाते. जितेपणी त्या सासूले तिनं चहा विचारला नव्हता. तुझ्या तक्त्यात चार नंबरवर मुंगसं जास्त दिसतील, ती अंड्याची आहेत, तशी नोंद मी बाजूले केली आहे. खोटं मी लिहिलं नाही कुठं.

आता सतरा नंबर.

सतरा नंबरचा पत्रा बोडीच्या तळ्याच्या काठाले आहे, तीन धुरे मिळतात तिथं. एक्केचाळीसाव्या दिवशी, म्हणजे पिठाच्या पहिल्याच सकाळी, मी एक नंबरपासून निघाली. एकावर काही नाही. दोनावर नाही. रोज कुठं ना कुठं काही असते, निदान उंदीर, निदान मुंग्यांची रेघ. त्या दिवशी सोळा पत्रे कोरे. पीठ मी सोडलं तसंच्या तसं. धुकं असं की काठीचं टोक दिसत नव्हतं. बोडीतली सारसांची जोडी त्या वेळी ओरडून जीव खाते, ती गप उभी होती, अन् दोघांच्या चोची एकाच बाजूले.

सतरावर पाय होता. माणसाचा. डावा. एकच. अनवाणी.

उजवा कुठंच नाही. पत्रा हातभर, त्याच्या चारही बाजूंले गवत, अन् गवतावर दव पांढरं बसलेलं. त्या दवात मी गेली तेवढीच वाट मोडली होती. दुसरी नाही. आलेल्याची नाही, गेलेल्याची नाही. मी चष्मा पुसून पाहिलं. चार बोटं होती. करंगळीच्या जागी पीठ सपाट.

तुझ्या आज्याची डाव्या पायाची करंगळी बैलबंडीच्या चाकाखाली गेली होती, हे तुले माहीत आहे. तो जाऊन नऊ वर्षं झाली हेही माहीत आहे. मी काही भ्याली नाही. मी म्हटलं, एवढ्या थंडीत चप्पल घालून यायचं होतं, अन् फोटो काढला. मग पाहिलं की बोटं कुठं आहेत. बोटं सांडव्याकडे. जाऊन पाहते तर उंदरानं धुरा पोखरला, अन् बोडीचं पाणी सारं लाखोळीच्या पिकात चाललं. दोन दिवस आणखी गेले असते तर लाखोळी सडली असती. धुरा बुजवला. बाकीचे तीन पत्रे पाहिले, तेही कोरे.

आता तुझ्या तक्त्यात रानमांजर, उदमांजर, कोल्हा, मुंगूस अन् इतर एवढे रकाने आहेत. खाली तूच छापलं आहे की पत्र्यावर माणसाचा पाय पडल्यास त्या दिवसाची संपूर्ण नोंद रद्द समजावी. म्हणजे पाय लिहिला तर एक दिवस गेला, सलगपणा तुटला, फेलोशिप गेली. तक्ता हातात धरून मी किती वेळ उभी होती ते सांगत नाही.

सत्तेचाळीसाव्या दिवशी पुन्हा. बाकीचे एकोणीस कोरे, सतरावर तोच पाय. या वेळी बोटं शेजारच्या भैय्यालालच्या शेताकडे. नीट पाहिलं तर मधला धुरा त्यानं वीतभर कापून आपल्याकडे घेतलेला. मी सरळ त्याच्या दारात गेली. "भैय्यालाल, धुरा कापला का?" म्हणे, "कोण म्हणते?" मी म्हटलं, "ज्यानं बांधला होता तो म्हणते." फोटो दाखवला. दोन दिवसांत धुरा होता तिथं आला, वरून चार बोटं जास्तच.

तरी मी काही भोळी नाही. कोणी चावटपणा करून राहिलं असेल म्हणून गावातल्या सोळा गड्यांले अंगणात बोलावून एकेकाचा डावा पाय पिठात ठेवून घेतला. कुरकुर झाली. भैय्यालाल म्हणे, "काकू, मी काय कोल्हा आहो?" मी म्हटलं, "ते तक्ता सांगेल, ठेव पाय." सोळाच्या सोळा पायांले पाच-पाच बोटं. अन् एवढे सोळा पाय ठेवले, पण एकाचाही ठसा तितका खोल उमटला नाही. तुझा आजा अंगानं काडी होता, तरी टाच रोवून चालायचा.

अठ्ठावन्नाव्या दिवशी तिसऱ्यांदा. या वेळी बोटं घराकडे.

ते फोटो मी तुझ्या बापाले दाखवले. तो कोचिंगवाल्यासोबत फोनवर बोलून राहिला होता, तुझ्या पगाराचं. फोटो पाहिला, फोन तसाच ठेवून दिला. ओमेश्वर लहानपणी बापाच्या मागे मागे त्याच पावलावर पाय ठेवून चालायचा, त्याले कोणी ओळख पटवून द्यायची गरज नाही. दुसऱ्या सकाळी मी उठून पाहते तर चाळणी घेऊन अंगणात पीठ चाळून राहिला. एकोणसाठ अन् साठ, दोन्ही दिवस माझ्यासोबत आला. कोचिंगचं नाव काढलं नाही त्यानं. तूही काढू नको.

आज सकाळी साठ झाले. रानमांजर तेवीस वेळा, उदमांजर नऊ, कोल्हा अकरा, मुंगूस (अंड्यासकट) एकतीस. तक्ते सोबत पाठवते, कोपरा चहानं ओला झाला आहे तो तुझ्या मायनं केला. पेन्सिलीनं लिहिलं आहे, अक्षर तुले लागेल. पुण्यात उपाशी राहू नको, दीडशे जणांच्या रांगेत खाली मान घालून बसू नको. बाकी ठीक.

तुझी आजी,
धुरपता

ता. क. बाकी ठीक नाही. एक्केचाळीस, सत्तेचाळीस अन् अठ्ठावन्न या तीन दिवसांचा सतरा नंबरचा रकाना मी कोरा सोडला आहे. देवकाबाई म्हणे, पीठ पुसून टाक, कोणाले कळते? पुसायले एक हात लागते, ते मलेही माहीत आहे. मी पुसलं नाही. तुझ्यासाठीही नाही.

आणखी ता. क. वर मी भ्याली नाही असं लिहिलं ते खरं आहे, पण पत्रे वीस आहेत ते खरं नाही. अठ्ठावन्नाव्या दिवसापासून एक एकविसावा आहे. तो मी आपल्या दाराच्या पायरीवर ठेवला, सगळ्यात बारीक पीठ घालून. तो तुझ्या मोजणीत धरू नको, तो माझा आहे. त्यावर काहीच आलं नाही. तुझा आजा बोटं घराकडे करून ठेवते अन् घरी येत नाही. चाळीस वर्षं असाच होता, जेवण थंड झालं की मग यायचा. उद्या पीठ बदलते.

शेवटचं ता. क. आता कामाचं. पत्र लिहिलं ते यासाठीच. तुझ्या गाइडले विचार, मेलेला माणूस 'माणूस' मध्ये धरायचा की 'इतर' मध्ये? माणसात धरला तर तीन दिवस रद्द, अन् तुझं साल गेलं. इतरमध्ये धरला तर तुझे साठ भरले, पण मग तो माणूस नव्हता असं मीच माझ्या हातानं लिहून दिलं, हे मले जमत नाही. तक्ते साहेबांकडे एकतीस तारखेच्या आत जायचे आहेत. उत्तर तू लिहायचं नाही, तू माझ्याकडे पाहून लिहिशील. तुझ्या बापानंही लिहायचं नाही, तो आपल्या बापाकडे पाहून लिहील. तुझ्या गाइडनं लिहायचं. आपल्या हातानं, खाली सही करून.