शिफारस करणाराची सही

अलिबाग,
मार्गशीर्ष वद्य अष्टमी, शके १८८१

प्रिय सौ. कुमुद विश्वंभर वर्तक,

नावापूर्वी 'कै.' लिहावयास हवे, हे मला कळते. गेल्या चौदा महिन्यांत नगरपालिकेच्या दाखल्यापासून शाळेच्या कागदांपर्यंत सर्वत्र मी ते बिनचूक लिहिले. परंतु जिला पत्र लिहावयाचे तिच्याच नावामागे ते अक्षर लावणे आज माझ्याने होईना. पूर्ण नाव लिहिले त्याला कारण आहे. ते परवा मी छापलेले पाहिले. त्याविषयी ओघाने लिहितो.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसलो आहे. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा तुझा रविवारचा वर्ग भरत असे, तीच ही खोली. तू गेल्यावर वर्ग मी चालवला, म्हणजे दार उघडून बसत असे. आधी सहा जण येत, मग तीन, मग एकटी दुर्गा. आता समितीला जुन्या वर्तमानपत्रांसाठी खोली हवी आहे. मी हरकत घेतली नाही. मला थकवा आला आहे, कुमुद. शाळेच्या वर्गात समास सोडवताना मध्येच थांबतो आणि मुले माझ्याकडे पाहत राहतात. बागेतील नारळ वेळेवर उतरवले जात नाहीत. अबोलीला पाणी घालतो, पण फुले तोडावयाची कुणासाठी, हे न कळल्याने ती झाडावरच सुकतात.

सामान आवरताना कपाटातून तुझी शब्दांची वही निघाली. थळच्या मनुबाईकडून ऐकलेले शब्द तू तीत टिपत असस. आपल्या घरी मासळी शिजत नाही, तरी ती बाजाराला जाताना पाटी आपल्या पायरीवर टेकवी, तुला दोन-चार शब्द देई आणि अबोलीचा गजरा घेऊन जाई. मला तो व्यवहार थोडा हास्यास्पद वाटे. व्याकरणाच्या शिक्षकाची पत्नी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी बी. ए.ला बसलेली, कोळणीच्या तोंडचे शब्द वहीत उतरवते, याचा शाळेत काय अर्थ लावतील, असेही मनात येई. हे तुला मी कधी सांगितले नाही. तुला ठाऊक असावे.

वहीत 'भांग' या शब्दाचे पान आहे. तू लिहिलेस: अष्टमीच्या आगेमागे भरतीला जोर नसतो, जाळ्यांत मासळी येत नाही, होड्या किनाऱ्याला बसून राहतात, ते दिवस. आणि खाली: त्यावरून, माणसाच्या हातापायांतला जोर गेला, कशात मन लागत नाही, अशी अवस्था. ही दुसरी ओळ मी तांबड्या शाईने खोडली व समासात शेरा दिला: 'अर्थ चुकीचा. कोशात नाही.' तू वही परत घेतलीस आणि शांतपणे म्हणालीस, "कोशात नाही, म्हणूनच लिहिला." मी ते उद्धट उत्तर समजलो.

त्याच आठवड्यात तू बोली अभ्यास परिषदेचा अर्ज पुढे केलास. मी तिचा जुना सभासद. त्रैमासिक टपालाने येई, मी अनुक्रमणिका पाहून कपाटात लावी. ते तू बाहेर काढून वाचत असस, हे मला अर्जावरून कळले. परिषदेने विद्यार्थी सभासद घेण्यास नुकता आरंभ केला होता. खाली एका जुन्या सभासदाची शिफारस हवी होती. मी सांगितले की नवऱ्याने बायकोची शिफारस करणे नियमास धरून नाही. शिवाय विद्यार्थ्याने आधी पदवी घ्यावी, परिषदा मागाहून आहेतच. अशा मंडळात जाऊन विद्यार्थ्याचा फायदा तो कोणता, असेही मी विचारले. तेव्हा तू जे बोललीस ते शब्दशः आठवते. "अहो, परीक्षेच्या खोलीत मी एकटीच असते. तिथे माझ्यासारखी आणखी माणसे असतील. माझे चुकले तर का चुकले ते सांगतील." चूक तर मीही सांगतो, असे मी म्हणालो. तू अर्ज घडी करून ठेवलास. त्यानंतर तो विषय निघाला नाही. तू पदवी घेतलीस, आणि पुढच्याच वर्षी ती कावीळ.

गेल्या पौषात तळा गावच्या शाळेत शिकवणारी दुर्गा तसाच अर्ज घेऊन आली. तीच ती, भाजीच्या पिशवीतून पुस्तके आणणारी, एस. टी. चुकली की तुझ्याजवळ राहणारी. ती नात्यातील नव्हती. मी टाक झटकला, सही केली, शाई टिपली. अर्धे मिनिट लागले असेल.

त्या अर्ध्या मिनिटातून काय काय निघाले, ते तुला सांगितले पाहिजे, कारण 'फायदा तो कोणता' हा प्रश्न मी तुला विचारला होता. तिच्या शाळेत एक कपाट पुस्तके. आता परिषदेच्या ग्रंथालयातून टपालाने तळ्याला पुस्तके येतात आणि पोस्टमन तिला थट्टेने 'युनिव्हर्सिटी' म्हणतो. रत्नागिरीचा एक विद्यार्थी व धुळ्याची एक विद्यार्थिनी तिला कार्डे लिहितात. आमच्याकडे या वस्तूला काय म्हणतात, तुमच्याकडे काय, असा त्यांचा पत्रव्यवहार चालतो. वैशाखात पुण्याच्या अधिवेशनाला ती भीत भीत गेली. तेथे एका वृद्ध प्राध्यापकांनी सभागृहाच्या पायरीवर बसून तिचे टिपण दोन तास तपासले आणि निम्मे पुन्हा ऐकून आण म्हणून परत दिले. ती हे मला सांगत होती तेव्हा तिच्या तोंडावर आनंद होता. इतके चुकले आणि आनंद कसला, हे मला समजेना. मग तुझे वाक्य आठवले. तिथेच तिला कोशाच्या कामाची माहिती मिळाली. माघापासून ती पुण्यास साहाय्यक म्हणून रुजू होईल, म्हणून आता वर्गाला कुणी उरले नाही.

पण तिने मला न विचारता आणखी एक गोष्ट केली. तुझ्या वहीतले 'भांग'चे पान ती पूर्वीच उतरवून घेऊन गेली होती, माझ्या शेऱ्यासह. अधिवेशनात तिने दोन्ही वाचले आणि खरे काय, असे विचारले. वसईकडचे एक सभासद उठून म्हणाले की आमच्याकडेही आजारातून उठलेल्या माणसाला भांगात आहे असे म्हणतात. परवा त्रैमासिक आले. 'कै. सौ. कुमुद विश्वंभर वर्तक यांच्या टिपणांतून' असा मथळा आणि खाली तुझी खोडलेली ओळ. माझा शेरा त्यांनी छापला नाही. छापावयास हवा होता.

खरे सांगावयाचे तर तो अर्थ मला त्याआधीच पटला होता. भाद्रपदात मनुबाईने पाटी पायरीवर टेकवली, घराकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "मास्तर, बाय गेली नि तुमचे घरान भांगच लागला." मी दुरुस्त करण्यासारखे त्यात काही नव्हते.

आता ज्यासाठी लिहावयास बसलो ते. वहीच्या शेवटच्या पानात तुझा अर्ज मिळाला. नाव, पत्ता, विषय, सर्व तुझ्या अक्षरात. तळाची एक जागा मोकळी. मी परिषदेची नियमावली काढली व पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली. नातलगाने शिफारस करू नये, असा नियम त्यात नाही. कधीही नव्हता. ते कलम माझे होते, आणि मी ते पाहून न घेता तुला सांगितले. आज त्या जागी सही केली आहे. 'अर्जदाराशी नाते' असा रकाना अर्जात नव्हता. मी पट्टीने आखून घेतला व 'पती' असे लिहिले. अर्ज, वही आणि हे पत्र दुर्गेबरोबर परिषदेकडे जातील. ते लोक त्याचे काय करतील, ठाऊक नाही. अर्ज अपुरा होता, तो पुरा केला, एवढेच.

आयुष्यभर पत्राखाली 'आपला विश्वासू' लिहीत आलो. तुझ्या बाबतीत तो शब्द वापरण्याचा अधिकार मला नाही.

तुझाच,
विश्वंभर

ता. क. हे वाचनालयाच्या मेजावरून लिहीत आहे. मागच्या खोलीच्या खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातले. दोन्ही चाव्या ग्रंथपाल अनंता यांच्याकडे परत केल्या. पोच मागितली नाही.